शेवयांच्या डब्यातला मीटर

मलकापूरजवळच्या एका तंत्रनिकेतनात, इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत, महामाया तायडे बारा वर्षांपासून परिचर आहेत. कॉलेजचं नाव सांगण्यात अर्थ नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे, आणि बाकीच्यांना तिथं पोराला घालायचं नाही. परिचराचं काम कागदावर असं आहे, की साहित्य द्यायचं, सही घ्यायची, साहित्य परत घ्यायचं, टेबलं पुसायची आणि सरांसाठी चहा सांगायचा. प्रत्यक्षात त्या खोलीतला वायरीचा तुकडासुद्धा महामायाबाईंना विचारल्याशिवाय जागचा हलत नाही. एकदा खुद्द प्राचार्य स्क्रू-ड्रायव्हर मागायला आले, तर त्यांनाही नोंदवहीत सही करावी लागली. सही नीट वाचता येत नव्हती म्हणून दुसऱ्यांदा करावी लागली.

पोरं त्यांना मावशी म्हणतात आणि सर लोकही मावशीच म्हणतात, म्हणून आपणही तेच म्हणू. वय एकावन्न. बारावी सायन्स झाल्या, आयटीआयचं एक वर्ष केलं, मग लग्न झालं. लग्नानंतर चुलतदिराच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात आठ वर्षं बसल्या. सुरुवातीला नुसत्या गिऱ्हाइकांची नावं लिहायला, नंतर हातात सोल्डरिंगची डागणी घेऊन. घट्ट बसलेला सांधा आणि नुसता चिकटलेला सांधा यातला फरक त्या लांबूनच ओळखतात. नवरा धम्मरत्न एसटीच्या डेपोत मेकॅनिक. मुलगा धम्मदीप पुण्याला नोकरीत. घरचं सगळं नीट चाललेलं. त्यामुळे काळजी करायला त्यांच्याकडे प्रयोगशाळेखेरीज दुसरं काही उरलेलं नव्हतं.

प्रयोगशाळेत मीटर चौदा होते. पहिल्याच वर्षी पोरांनी त्यातले तीन जाळले. व्होल्ट मोजायचे तिथं करंट मोजायचं बटण लावलं, आतून धूर आला, आणि जाळणाऱ्यानं शांतपणे दुसरा मीटर मागितला. चौदामध्ये एक पिवळा मीटर फार चांगला होता, वजनदार, खरं तेच दाखवणारा. तो हातात घेतला की मावशींना बरं वाटायचं. त्यांनी घरून शेवयांचा स्टीलचा डबा आणला, त्यात मऊ फडक्यात गुंडाळून तो मीटर ठेवला, डबा कपाटात तक्त्यांच्या गुंडाळ्यांमागे ढकलला आणि कपाटाला कुलूप लावलं. नोंदवहीत त्याच्यापुढं लिहिलं, नादुरुस्त. प्राचार्यांकडून दोनदा सही घेणाऱ्या बाईंनी स्वतःच्या वहीत एवढी एक नोंद खोटी केली, आणि तिचं त्यांना कधी काही वाटलं नाही. बाकीचे मीटर पुढच्या काही वर्षांत आपापल्या मरणानं गेले. त्यानंतर कोणी मीटर मागितला, की मावशींचं उत्तर ठरलेलं असे. "मीटर खराब हाये."

आता सातवा प्रयोग काय आहे ते सांगायला हवं, कारण पुढचा सगळा गोंधळ त्याच्यावर उभा आहे. तळहाताएवढा एक बोर्ड असतो. त्याला व्होल्ट कळत नाहीत, नुसते आकडे कळतात. शून्य व्होल्टला तो शून्य म्हणतो, पाच व्होल्टला एक हजार तेवीस म्हणतो, आणि मधलं जे असेल ते त्याच मापानं. त्याला रेडिओच्या आवाजाचं असतं तसलं एक बटण जोडायचं आणि फिरवायचं. बोर्ड आकडा दाखवतो. त्या आकड्याला पाचनं गुणायचं, एक हजार तेवीसनं भागायचं, की व्होल्ट आले. मग मीटर लावून ताळा करायचा. मावशी नव्या पोरींना आपल्या पद्धतीनं सांगत, की पाच व्होल्टांची शिडी आहे, तिला एक हजार तेवीस पायऱ्या आहेत. तू कितव्या पायरीवर उभी आहेस ते बोर्ड सांगतो, किती उंच आहेस ते तुझं तू काढ. प्रयोग इतका सोपा आहे, की बारा वर्षांत तो कोणी केलाच नव्हता.

करायची गरजच नव्हती. तिथं एक बाप-फाइल होती. प्रत्येक प्रयोगाचं नमुन्याचं जर्नल, पहिल्या वर्षी तयार केलेलं, पुठ्ठा फाटलेला, कोपऱ्यांना हळद लागलेली. पोरं ती मावशींकडून सही करून घेत, त्यातलं रीडिंग जसंच्या तसं उतरवत आणि परत करत. एका वर्षी एकानं बाप-फाइलीवर सांडलेल्या चहाचा डागसुद्धा पेन्सिलीनं आपल्या जर्नलमध्ये काढला होता; त्याला वाटलं, आकृतीचा भाग असेल. सर लोक तपासताना तीच फाइल शेजारी ठेवून तपासत. जुळलं की टिक.

सातव्या प्रयोगाच्या तक्त्यात पाच ओळी होत्या. शून्यापुढं शून्य. दोनशे छप्पन्नपुढं १.२५. पाचशे बारापुढं २.५०. सातशे अडुसष्टपुढं ३.४७. एक हजार तेवीसपुढं ५.००. ज्याला पाव, अर्धा आणि पाऊण एवढं कळतं त्याला चौथी ओळ दाताखाली खड्यासारखी लागायला हवी. पाचाचा पाऊण पावणेचार, म्हणजे ३.७५. पण बारा वर्षांत सातशेच्या वर पोरं तिथून गेली, सगळ्यांनी ३.४७ लिहिलं, सगळ्यांना टिक मिळाली, आणि त्यातली काही पोरं आज चांगल्या कंपन्यांत इंजिनियर आहेत.

यंदा गणेश सर नवे लागले. मूळचे हिवरा आश्रमाकडचे, शिकले पुण्याला. सरळ माणूस, पण सवय वाईट, जर्नल वाचायचे. मूल्यांकन समिती चार दिवसांवर आली असताना त्यांनी साठ जर्नलं घरी नेली, आणि दुसऱ्या दिवशी केस विस्कटलेल्या अवस्थेत विभागप्रमुखांच्या खोलीत गेले.

विभागप्रमुख पंजाबराव म्हस्के सर. सेवानिवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं, मोठ्या आवाजाचे, मनानं वाईट नाहीत. कॉलेज उघडलं तेव्हा पैसे नव्हते, तर प्रयोगशाळेला लागणारा पाच व्होल्टांचा सप्लाय या माणसानं स्वतःच्या हातानं बनवला होता. निळ्या पत्र्याची पेटी, तिच्यावर पांढऱ्या रंगानं ठळक '५ व्होल्ट', आणि तिच्यातून निघून भिंतीच्या कडेनं दहाही टेबलांना गेलेली बारीक दुहेरी वायर. पाहुणे आले की सर त्या पेटीवर हात ठेवून फोटो काढत.

गणेश सरांनी ३.४७ दाखवल्यावर त्यांनी बाप-फाइल मागवली, चौथी ओळ पाहिली आणि अक्षर कुणाचं आहे असं विचारलं. अक्षर मावशींचं होतं. पहिल्या वर्षी नमुन्याचं जर्नल त्यांनीच तर लिहिलं होतं. मग सर मोठ्यानं बोलले, आणि ते मोठ्यानं बोलले की स्टाफरूमला वेगळं कळवावं लागत नाही. बारा वर्षं एका परिचर बाईनं चुकीचं रीडिंग लिहून ठेवलं आणि अख्खं कॉलेज ते गिरवत बसलं. समितीच्या ध्यानात आलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. समिती गेली की मावशींना वसतिगृहाच्या मेसच्या भांडारात द्या, आणि तोवर साठही जर्नलांतलं ३.४७ व्हाइटनर लावून ३.७५ करा.

मेसचं भांडार म्हणजे मागच्या अंगाला पत्र्याची खोली. तिथं मोजायला काय, तर तूरडाळ. मावशींनी हे शिपायाच्या तोंडून ऐकलं. बदलीचं दुःख झालंच, कारण त्या खोलीवर त्यांचा जीव होता. पण त्याहून वाईट हे वाटलं, की आपण चुकीचं वाचलं असं सगळे म्हणतायत. तो दिवस त्यांना लख्ख आठवत होता. दहा नंबरचं टेबल खिडकीपाशी, उजेड चांगला, म्हणून त्या तिथं बसल्या होत्या. पिवळा मीटर तेव्हा नवा कोरा. दहाही बोर्ड सुरू. एकेक रीडिंग तीन-तीनदा पाहून त्यांनी लिहिलं होतं. मग पंजाबराव सर आले, तक्ता पाहिला, म्हणाले, हे फॉर्म्युल्याशी जुळत नाही, आणि लाल पेन काढून दुरुस्त करायला लागले. आधी एक हजार तेवीसपुढं पाच केले. मग निम्म्याचे अडीच केले. मग पावाचं सव्वा. आणि पाऊण करायच्या आधी चहा आला. चहा पिता पिता सर उठून गेले ते गेलेच, आणि मावशींनी तक्ता जसा होता तसा स्वच्छ अक्षरात फाइलीत उतरवून घेतला.

म्हणजे तीन ओळी सरांच्या होत्या आणि एक आपली, आणि आपलीच तेवढी चुकीची निघाली. हे काही कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. सर तर विसरूनही गेले होते. मावशींना पहिल्यांदाच स्वतःच्या डोळ्यांबद्दल शंका आली.

पुढचे दोन दिवस व्हाइटनरचे गेले. गावातल्या तीन दुकानांतलं व्हाइटनर संपलं. पोरं रांगेनं आपापलं जर्नल आणत, मावशी ३.४७ वर पांढरा ठिपका देत, पोरं फुंकर मारत आणि वरून ३.७५ लिहीत. एकानं घाईत ओल्यावरच लिहिलं, त्याचं नऊशे पंच्याहत्तरसारखं दिसायला लागलं. प्रत्येक ठिपक्याला मावशींना वाटायचं, आपणच आपलं नाव पुसतोय.

रांगेच्या शेवटी काजल होती, अमडापूरची. शेतकऱ्याची पोर, बोलायला कमी, प्रश्न विचारायला जास्त. तिनं जर्नल पुढं केलं आणि मध्येच मागं ओढलं.

"मावशी, पण खरं किती येते?"

बारा वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. फॉर्म्युल्यानं किती येतं हे विचारलं होतं, फाइलीत किती आहे हे तर रोजच विचारत. काजल म्हणाली, "मीटर द्या नं, मी लावून पाह्यते."

"मीटर खराब हाये," मावशी म्हणाल्या. तोंडातून आपोआप गेलं. काजलनं मान हलवली, व्हाइटनर लावून घेतलं आणि गेली. मावशींच्या मनाला मात्र ते वाक्य त्या दिवशी पहिल्यांदा टोचलं.

संध्याकाळी जेवताना त्यांनी धम्मरत्नला सगळं सांगितलं. मेसचं भांडार, व्हाइटनर, चौथी ओळ. धम्मरत्नला त्या बोर्डातलं काही कळत नव्हतं, आणि कळत नाही हे सांगायला तो लाजतही नव्हता. त्यानं ठेच्यात भाकर बुडवली आणि एवढंच विचारलं, की हा पाच पाचच आहे हे कुणी पाहिलं.

मावशी म्हणाल्या, पेटीवर लिहिलेलं आहे.

"लिहेल तं गाडीवरबी चोवीस व्होल्ट राहते," धम्मरत्न म्हणाला. "म्हणून काय चोवीस असते का? स्टार्टर मारला का बसते खाली. लाइट पाह्यला नाई का कसा मंदावते? अन् मागच्या लाइटले तं त्याहून कमी जाते, एवढ्या लंब्या वायरीतून जाऊ जाऊ."

मावशींनी घास ताटात ठेवला. त्यांनी त्याला विचारलं, की आधी काऊन नाही सांगितलं. तो म्हणाला, आधी कुणी विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी समिती यायची होती. मावशी नेहमीपेक्षा तासभर आधी पोचल्या. निळी पेटी सुरू केली, दहाही बोर्ड सुरू केले. कपाट उघडलं, तक्त्यांच्या गुंडाळ्या बाजूला केल्या आणि शेवयांचा डबा काढला. मीटर फडक्यातून काढून दहा नंबरच्या टेबलाशी गेल्या आणि बटण वगैरे काही न फिरवता मीटरची एक तार बोर्डाच्या पाच व्होल्टांच्या टोकाला लावली. मीटरनं दाखवलं ४.६२.

मग व्हाइटनरच्या खोक्याच्या पाठीवर त्यांनी गणित केलं. सातशे अडुसष्टला पाचनं न गुणता चार पूर्णांक बासष्टनं गुणलं, एक हजार तेवीसनं भागलं. उत्तर आलं ३.४७. त्यांनी पुन्हा केलं, पुन्हा तेच आलं. पहिल्या टेबलाशी जाऊन पाहिलं, तिथं ४.९ होते. टेबल जसं पेटीपासून लांब, तसा पाच बारीक होत गेलेला. डोळे नीट होते. मीटर नीट होता. मावशी स्टुलावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या, आणि हसता हसता थोडं रडूनही घेतलं. मग मीटर परत डब्यात गेला, कारण पाहुण्यांसमोर कुणी काही बोलायचं नाही असा सरांचा हुकूम होता, आणि मावशींच्या वाट्याला दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभं राहणं आलं होतं.

समितीत तिघं होते. दोघांनी निळ्या पेटीचं कौतुक केलं आणि पुढं निघाले. तिसऱ्या नागपूरच्या बाई होत्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. बाहेर ऊन मी म्हणत होतं, म्हणून त्या वारा लागेल अशा जागी, खिडकीपाशी गेल्या, आणि दहा नंबरच्या टेबलावर काजल बसली होती. बाईंनी तिचं जर्नल उघडलं, नेमका सातवा प्रयोग निघाला. त्या म्हणाल्या, चल, चौथी ओळ करून दाखव.

काजलनं बटण फिरवलं. सातशे सदुसष्ट, सातशे एकोणसत्तर, सातशे अडुसष्ट. गणित केलं, ३.७५. पंजाबराव सरांनी गणेश सरांकडे समाधानानं पाहिलं.

"छान," बाई म्हणाल्या. "आता मीटर लावून ताळा कर."

एक मीटर आणला गेला, त्याच्या पडद्यावर काही केलं तरी '१' हा एकच आकडा. दुसरा आणला, त्याला तारा नव्हत्या. तिसऱ्यानं फक्त आपला सेल संपल्याचं चित्र दाखवलं. बाईंनी चष्मा लावला आणि विचारलं, की मग एवढी मुलं हा प्रयोग करतात तो कशानं करतात.

मावशी दारात होत्या. त्यांना सगळं एकदम दिसलं. गप्प राहिलं तर समिती दोन शेरे मारून जाईल, जर्नलात ३.७५ राहील, आपण तूरडाळ मोजू आणि चौथी ओळ कायमची चुकीची ठरेल. डबा काढला तर चौथी ओळ वाचेल, पण बारा वर्षं नादुरुस्त लिहिलेला मीटर सरांच्या, समितीच्या आणि साठ पोरांच्या देखत कपाटातून धडधाकट बाहेर येईल. मग मेसचं भांडारसुद्धा मिळेल की नाही कोण जाणे. चहा गार होत होता. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला आणि कंबरेची किल्ली काढली.

शेवयांच्या डब्यातून मीटर निघताना सगळ्या खोलीनं पाहिला. मागच्या रांगेतलं कुणीतरी हळूच म्हणालं, अरे, हा तर चांगला आहे. काजलनं तार लावली.

मीटरवर आलं ३.४७.

पंजाबराव सर घाईनं म्हणाले, की हा मीटर नादुरुस्त आहे, वहीत तशी नोंद आहे.

"मीटर खराब नाई, सर," मावशी म्हणाल्या. "नोंद खोटी हाये, ते मी केली. पायऱ्या तेवढ्याच हायेत, पण शिडी आखूड हाये." आणि त्यांनी काजलच्या हातातली तार घेऊन पाच व्होल्टांच्या टोकाला लावली. ४.६२.

बाईंनी मीटर पाहिला, भिंतीकडेनं गेलेली बारीक वायर पाहिली, निळी पेटी पाहिली. मग जर्नल जवळ ओढून त्यांनी चौथ्या ओळीवरचा पांढरा पोपडा नखानं खरवडला. खालून ३.४७ निघालं. त्यांनी मोबाइलवर गणित केलं आणि विचारलं, की हे मूळचं रीडिंग कुणी घेतलं.

"मी," मावशी म्हणाल्या.

"मग बाकीच्या ओळी पाचच्या हिशेबानं कशा?"

मावशी खाली पाहत म्हणाल्या, की त्या नंतर दुरुस्त झाल्या. कुणी केल्या ते त्या बोलल्या नाहीत. पंजाबराव सर तक्त्याकडे टक लावून पाहत होते. शेवटचं पाच, मग अडीच, मग सव्वा. आणि बारा वर्षांपूर्वीचं काहीतरी त्यांना आठवलं असावं, कारण त्यांनी टेबलावरच्या ट्रेकडे पाहिलं.

"मी केल्या," ते म्हणाले. एवढ्या खालच्या आवाजात त्यांना कुणी बोलताना ऐकलं नव्हतं. "चौथी करायच्या आधी चहा आला."

बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी चहाचा एक कप उचलून सरांच्या हातात दिला.

समितीचा अहवाल महिन्यानं आला. पेटीची वायर जाड टाका, मीटर घ्या, आणि चालू मीटर नादुरुस्त दाखवल्याबद्दल परिचराचा लेखी खुलासा घ्या. मावशींचा खुलासा एका ओळीचा आहे आणि तो आजही त्यांच्या सेवापुस्तकात लावलेला आहे. 'मीटर खराब होऊ नये म्हणून तो खराब लिहिला.' पंजाबराव सरांनी तो वाचला, सही केली आणि मेसच्या भांडाराचा विषय पुन्हा काढला नाही. पेटीवरच्या '५ व्होल्ट'च्या आधी मात्र त्यांनी स्वतःच्या हातानं, त्याच पांढऱ्या रंगानं, 'सुमारे' असं लिहिलं. मग मावशींना बोलावून सांगितलं, की सातव्या प्रयोगाचा तक्ता नवा लिहा, सगळ्या ओळी तुमच्या, मी हात लावणार नाही.

वायर अजून जुनीच होती, तेव्हाच मावशींनी दहा नंबरच्या टेबलावर बसून लिहिला. १.१६, २.३१, ३.४७, ४.६२. बारा वर्षांपूर्वी होते तेच आकडे, या वेळी सगळे. लिहिताना त्यांना फार आनंद झाला, इतका की फाइलीला त्यांनी नवा पुठ्ठासुद्धा घातला आणि वर आपलं नाव लिहिलं.

तो आनंद आठवडाभर टिकला. पुढच्या सोमवारी नव्या तुकडीचा सातवा प्रयोग होता. मावशी निळी पेटी सुरू करायला गेल्या, तर पहिल्या टेबलावरच्या पोरांचं जर्नल भरून तयार होतं. वायर आता जाड झाली होती, तिथं पाच जवळपास पाच येत होते, आणि जर्नलात लिहिलं होतं ३.४७. पेटी अजून बंदच होती. दुसऱ्या टेबलावरही ३.४७. तिसऱ्यावरही. एका पोरानं नव्या पुठ्ठ्यावरचं मावशींचं नावही कौतुकानं उतरवून घेतलं होतं.

मावशींनी ती जर्नलं मिटून ठेवली. खोटे आकडे पोरांनी उतरवले होते तेव्हा त्यांना राग यायचा. आता आपले खरे आकडे उतरवलेले पाहून तो जास्त आला, आणि थोडा स्वतःवरही आला. बारा वर्षं मोजायचं हत्यार कुलपात होतं आणि उतरवायची फाइल टेबलावर होती, मग पोरं करणार तरी काय. त्यांनी फाइल उचलली, शेवयांच्या डब्यात घातली, झाकण दाबून बसवलं आणि कपाटाला कुलूप लावलं. पिवळा मीटर पहिल्या टेबलावर आणून ठेवला. ठेवताना हात जड झाला, हे खरं आहे.

तेवढ्यात मागून एक पोरगी आली. तिला नोंदवहीत सही कुठं करायची तेही माहीत होतं. म्हणाली, "मावशी, सातव्याची फाइल द्या नं."

"फाइल खराब हाये, माय," मावशी म्हणाल्या. "मीटर घे."